गाणे दोनदा झाले तो दिवस

खांडबाऱ्याच्या शाळेत मी १९५५ साली रुजू झालो, तेव्हा पहिल्याच महिन्यात एक छोटा फळा मागून घेतला आणि ओसरीतल्या खांबाला टांगला. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी, त्या तारखेला पूर्वी काय घडले ते मी त्यावर लिहीत असे. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, एखादी लढाई, एखादा तह, एखादा शोध. वर ठळक अक्षरांत ‘आजचा दिवस’ आणि खाली तीन-चार ओळी. चौथीतले एक मूल त्या मोठ्याने वाची. स्टेशनावर जाणारी माणसेसुद्धा कुंपणापाशी थांबून ऐकत, आणि एखादा म्हणे, “गुरुजी, आज कोणी मेलं का जन्मलं?”

ही माहिती एका जाड वहीतून येई. नंदुरबारला शिकत असताना मी ती सुरू केली होती. वर्षातल्या प्रत्येक तारखेला एक पान, एकोणतीस फेब्रुवारीलाही. वर्तमानपत्रे, पंचांगे, जुनी क्रमिक पुस्तके, जिथून मिळेल तिथून वेचून मी ती पाने भरत होतो. गावात मला तारीखमास्तर म्हणत आणि मला ते आवडे. माणसाला ज्या गोष्टीचा अभिमान असतो तिथेच त्याच्या हातून चूक झाली तर ती कबूल करणे फार जड जाते. माझे तसे झाले. त्या वहीतल्या सव्वीस जानेवारीच्या पानाशी मी अठरा वर्षे खोटेपणाने वागलो. ते सगळे आज सरळ सांगून टाकतो.

आधी शाळेच्या रजिस्टरबद्दल सांगायला हवे. मूल शाळेत दाखल झाले की जनरल रजिस्टर नावाच्या मोठ्या वहीत त्याची ओळ पडते. नाव, बापाचे नाव, गाव, जात, आणि जन्मतारीख; तीही आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही. ही ओळ एकदा पडली की जन्मभर माणसाच्या मागे राहते. शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरूनच निघतो आणि नोकरीला, पुढच्या शिक्षणाला तोच दाखवावा लागतो. पण आमच्या भागातल्या पाड्यांवर तारीख लिहून ठेवणार कोण? आई सांगे, मोहाची फुले पडत होती तेव्हा. बाप सांगे, थोरल्या भावाच्या लग्नाच्या आदल्या होळीला. मास्तर ऐकून घेई आणि लिही, एक जून. सहा वर्षे पूर्ण दाखवायची, शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे एक जून सोयीचा. हे मी शोधून काढले नव्हते. माझ्या आधीच्या गुरुजींनी तेच केले होते आणि शेजारच्या गावातले गुरुजीही तेच करत. आमच्या शाळेचे रजिस्टर उघडले तर वाटावे, या मुलखात वर्षातून एकाच दिवशी बाळे जन्माला येतात. गंमत अशी, की माझ्या वहीतले एक जूनचे पान तेव्हा कोरे होते. एवढी मुले त्या दिवशी जन्मली असे मीच लिहीत होतो, आणि त्या तारखेला जगात काय झाले ते मला ठाऊक नव्हते.

माझी एक कमाई मात्र खरी होती. माझे रजिस्टर तालुक्यात सर्वांत स्वच्छ होते. तपासणीला आलेल्या दिपोटी साहेबांनी एकदा ते मुद्दाम दुसऱ्या गावच्या गुरुजींना दाखवायला नेले. कुठे खाडाखोड नाही, कुठे शाईचा डाग नाही. शेऱ्यात त्यांनी लिहिले होते, ‘अक्षर मोत्यासारखे’. ते वाचून मी हुरळलो, आणि १९५६ च्या जूनमध्ये एक काम आधीच उरकून टाकले. पहिलीच्या नव्या मुलांसाठी पस्तीस-छत्तीस ओळी मोकळ्या ठेवल्या आणि जन्मतारखेचा रकाना मुले येण्याआधीच भरून घेतला. एका बैठकीत, एका लेखणीने, एकसारखा. १-६-१९५०. एक जून एकोणीसशे पन्नास. नावे नंतर येणार होती, तारखा तयार होत्या.

तिसऱ्या दिवशी एक बाई मुलीला घेऊन आली. बाई माझ्याच वयाची असेल, फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी. शेजारच्या पाड्यावरची. घरात ती कोकणा आदिवासींच्या कोकणीत बोले, पण हिवाळ्यात नंदुरबारला मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, पथारीवर, मजुरीला जात असल्याने तिला अहिराणी चांगली येत होती. त्या काळी पाड्यावरून मुलगी शाळेत आणणारी आई मी पाहिली नव्हती. मुली बापाबरोबर येत, तेही मास्तरांनी चार खेपा घातल्यावर. ही आपणहून आली होती.

“गुरुजी, हाई मन्ही पोर. इले शाळामा घाली ल्या.”

मी नाव विचारले, लिहिले. रकान्यात तारीख होतीच. तरी रीत म्हणून विचारले, “जन्म कधीचा?”

“झेंडाना दिन,” ती लगेच म्हणाली. “नंदुरबारले. आम्ही पथारीवर व्हतूत.”

मी धानोऱ्याचा. आमच्या घरी अहिराणीच बोलतात, आई मला अजून अहिराणीतच रागावते. पण शाळेच्या खुर्चीत बसलो की मी पुस्तकातले मराठी बोलत असे. समोरचा माणूस जरा लांब उभा राहतो, काम लवकर उरकते. त्याच भाषेत मी म्हणालो, “बाई, झेंडावंदन वर्षातून दोनदा असते. ऑगस्टात आणि जानेवारीत. कोणते?”

“ऑगस्टमा मिरची वायस का, गुरुजी?”

ओसरीवर बसलेली दोन-तीन माणसे हसली. मला ते झोंबले.

“बरं, जानेवारी. पण कोणत्या साली?”

“ज्या साले गानं दोन डाव म्हनं त्यासनी.” तिने मुलीला पुढे ओढले, जणू पुरावा दाखवावा तसे. “स्टेशनपा झेंडा व्हता. रुळना अल्याड आम्ही. पहिला गानाले माले कळ उनी. मंग झेंडा अडकना, कोणी मानूस खांबवर चढना, आनि परत गानं म्हनं. दुसरा गानाले हाई पोर उनी.”

माझ्या हातातली लेखणी थांबली. तिने जे सांगितले ते या जगात माझ्याइतके कुणालाही नेमके ठाऊक नव्हते.

सव्वीस जानेवारी १९५०. देश प्रजासत्ताक झाला तो पहिला दिवस. मी सतरा वर्षांचा होतो आणि नंदुरबारला शिकत होतो. स्टेशनाजवळच्या मोकळ्या मैदानात सकाळी मोठा समारंभ होता. गावातली सगळी शाळकरी मुले, व्यापारी, हमाल, शेतकरी. रुळांच्या पलीकडे पथारीवर लाल मिरची वाळत पसरलेली होती, आणि वारा तिकडून आला की पहिल्या रांगेतली मुले शिंकत. झेंड्याची घडी घालून, आत फुले ठेवून दोरीला गाठ मारण्याचे काम मला दिले होते, कारण मी हुशार आणि टापटिपीचा. सुरगाठ मारायची असते. दोरी ओढली की गाठ सुटते, फुले पडतात, झेंडा फडकतो. मला सुरगाठ येत होती. पण गाठ मधेच सुटली तर काय, या भीतीने मी तिच्यावर आणखी एक फेरा घातला आणि आवळला. झाली निरगाठ.

पाहुण्यांनी दोरी ओढली. घडी तशीच वर गेली आणि खांबाच्या टोकाला गाठोड्यासारखी लटकून राहिली. तोवर आम्ही राष्ट्रगीत सुरू केले होते. सगळे वर पाहत, गात, आणि वर नुसते गाठोडे. गाणे संपले तरी ते हलले नाही. मग रेल्वेचा एक खलाशी कमरेला विळा खोचून खांबावर चढला, त्याने गाठ कापली, फुले त्याच्या डोक्यावर पडली आणि झेंडा उलगडला. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. पाहुणे म्हणाले, पुन्हा म्हणू या. आणि राष्ट्रगीत दुसऱ्यांदा झाले.

गाठ कुणी बांधली, असे एका मास्तरांनी विचारले. मी गप्प राहिलो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुलावर आळ आला आणि तो त्याने हसून घेतला. घरी येऊन मी वहीत सव्वीस जानेवारीचे पान काढले आणि सुंदर अक्षरात लिहिले, ‘भारत प्रजासत्ताक झाला. नंदुरबार येथे ध्वजवंदनाचा समारंभ उत्तम पार पडला.’ तिथे उभा राहून पाहिलेला एकच दिवस माझ्या वहीत होता आणि त्याची नोंद खोटी होती.

आता सहा वर्षांनी ही बाई समोर उभी राहून त्याच सकाळची खरी हकीकत सांगत होती. तिला तारीख येत नव्हती, साल येत नव्हते, पण तिने दिवस असा खुंटा ठोकल्यासारखा पक्का करून दिला होता की तो चुकणे शक्य नव्हते. मी काय करायचे होते? लिहिलेल्या तारखेवर एक रेघ, वर नवी तारीख, बाजूला सही. अर्ध्या मिनिटाचे काम. पण तशी रेघ म्हणजे माझ्या स्वच्छ रजिस्टरातली पहिली खाडाखोड. दिपोटी विचारणार, ही एकच तारीख कशी बदलली, बाकीच्या कुठून आल्या? आणि दुसरे, ती गाठ.

मी म्हणालो, “राष्ट्रगीत दोनदा म्हणत नाहीत, बाई. तसा नियमच नाही. तुमची ऐकण्यात चूक झाली असेल.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. भांडली नाही. “मंग तुमले जे वाटस ते लिखा,” म्हणाली, आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली. मी एक जूनच्या ओळीतल्या मुलीच्या नावावर टीपकागद दाबला. ओळ छान दिसत होती.

मुलगी हुशार निघाली. फळ्यावरच्या ओळी चौथीत तीच वाची, आणि खणखणीत वाची. दर सव्वीस जानेवारीला ती माझ्याकडे एकदा बघे. निदान मला तसे वाटे. एकदा, तिसरीत असेल, तिने विचारलेही. “गुरुजी, माय म्हणते माझा आज वाढदिवस. तुमच्या वहीत आहे का?” मी म्हणालो, वहीत फक्त मोठ्या माणसांचे असते. हे वाक्य मला पुढे फार वर्षे आठवत राहिले. ती हसली आणि खेळायला गेली. मूल होते, तिला काही लागले नसेल. मला लागले.

दरम्यान काळ पुढे सरकला. आकाशात पहिला कृत्रिम उपग्रह गेला, ते मी पानावर लिहिले. एक मे साठला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, ते लिहिले. त्या दिवशी खांडबाऱ्याच्या बाजारात अर्धी माणसे गुजरातीत आणि अर्धी अहिराणीत भाव करत होती, आणि दुसऱ्या दिवशीही तशीच करत होती. मुलगी सातवी पास झाली आणि शाळा सोडून गेली. दाखला मीच लिहिला. त्यावरही तीच तारीख उतरवली. तोवर मला वाटू लागले होते, की एवढ्यातेवढ्याने कुणाचे काय अडते.

१९६८ च्या जानेवारीत ते अडले.

सातवी झाल्यावर मुलगी गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हाताखाली चार वर्षे फिरली होती. पाड्यापाड्यांवर बाळंतपणे, टाके, ताप. नर्सबाईंनी तिला सांगितले, धुळ्याला सरकारी प्रशिक्षण आहे, अर्ज कर, मी शिफारस देते. अट एकच, मार्चअखेर अठरा वर्षे पूर्ण हवीत. दाखल्याप्रमाणे तिला अठरा पूर्ण व्हायला जून उजाडणार होता. दोन महिने कमी. पुढच्या वर्षी करता आला असता अर्ज, पण तिच्या मामाने स्थळ आणून ठेवले होते. यंदा बोलावणे आले तर पोर जाईल, नाही आले तर होळीनंतर लग्न, असे घरात ठरले होते. ते स्थळ चांगले की वाईट हा प्रश्न नव्हता. मुलीला जायचे होते.

मायलेकी दोघी आल्या. मी आता त्याच शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक होतो, कायम होण्याची शिफारस वर गेली होती. मुलीने नीट, शाळेतल्या मराठीत सगळे सांगितले. “गुरुजी, माझी तारीख सव्वीस जानेवारी आहे. माय शपथेवर सांगायला तयार आहे. तुम्ही तेवढी दुरुस्त करून द्या.”

मी नियम सांगितला. शाळा सोडल्यावर रजिस्टरातली तारीख वरच्या साहेबांच्या हुकुमाशिवाय बदलता येत नाही. पुरावा लागतो. पोलीस पाटलाच्या जन्ममृत्यूच्या वहीत नोंद आहे का? नव्हती. बाळ पथारीवर जन्मलेले, नंदुरबारला. गावच्या वहीत येणार कुठून. मग काही करता येणार नाही, असे मी म्हणालो. यातला प्रत्येक शब्द नियमाला धरून होता.

मुलगी मान खाली घालून उभी राहिली. आई मात्र ओसरीतल्या फळ्याकडे गेली. त्यावर त्या दिवशीची तीन-चार वाक्ये होती, कुठल्या तरी लांबच्या देशातली.

“तारीखमास्तर,” ती म्हणाली, “फळावर रोज दुनियाभरना दिन लिखतस. मन्ही पोरना एक दिन तुमले लिखता उना नही?”

त्या गेल्या.

मग आठ दिवस मी काय केले ते सांगतो, कारण तेही यातच येते. मी कारणे शोधली. एक तारीख दुरुस्त केली तर सगळ्याच एक जूनवाल्यांचे पालक येतील. चौकशी लागेल. कायम होण्याची शिफारस परत येईल. या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या. पण रोज सकाळी फळ्यावर खडू टेकवला की मला तिचा प्रश्न आठवे, आणि मी स्वतःला विचारी, की जे पुरावा म्हणून लागते आहे ते कुणापाशी आहे? ते फक्त माझ्यापाशी होते. ते गाणे दोनदा झाले हे सांगणारा, का दोनदा झाले तेही सांगू शकणारा साक्षीदार मीच होतो, आणि मीच तिला नियम वाचून दाखवत होतो. एकदा हे असे समोर दिसल्यावर पुढचे सोपे झाले. अवघड गोष्ट उरली होती ती एवढीच, की तोंड उघडायचे.

सव्वीस जानेवारी उजाडली. ध्वजवंदनाला गाव जमले. मायलेकी कुंपणाशी, बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. दरवर्षी येत तशाच आल्या होत्या. झेंड्याची गाठ मी बांधली. सुरगाठ, एकच फेरा. दोरी ओढली, फुले पडली, झेंडा फडकला, राष्ट्रगीत एकदाच झाले. मग दरवर्षीप्रमाणे फळ्यावरच्या ओळी वाचायची वेळ आली. मी मुलाला थांबवले आणि स्वतः पुढे झालो. खडू घेऊन मी शेवटी एक ओळ वाढवली. ‘१९५० साली याच दिवशी, नंदुरबार स्टेशनाजवळ, आपल्या शाळेच्या एका विद्यार्थिनीचा जन्म.’ आणि तिचे नाव लिहिले.

लोकांत कुजबूज झाली. मी त्यांना गाठीची गोष्ट सांगितली. निरगाठ, खांबावर चढलेला खलाशी, दोनदा झालेले राष्ट्रगीत, दुसऱ्या मुलावर आलेला आळ. मग शाळेत दाखल होण्याच्या दिवशी काय झाले तेही. माझ्या शाळेतल्या मराठीत ते नीट जमेना. अर्ध्यावर मी अहिराणीत आलो, आणि तिच्या आईकडे बघून म्हणालो, “बहीन, तुन्हं खरं व्हतं. ती गाठ मीच बांधेल व्हती.”

ती म्हणाली, “मंग बारा वरीस तोंड का शिवी लिन्हं व्हतं, भाऊ?”

हसू उसळले. मीही हसलो. कुणी तरी मागून म्हणाले, “गुरुजीनी तोंडलेबी निरगाठच बांधेल व्हती.” तो हशा मला आजही आठवतो. त्यात टोचणी होती, पण मला त्यात मोकळे वाटले. नंदुरबारच्या मैदानात जे हसू माझ्या वाट्याचे होते आणि मी दुसऱ्याच्या अंगावर जाऊ दिले, ते अठरा वर्षांनी माझ्याकडे परत आले होते.

दोन दिवसांनी मी नवापूरला शिक्षणखात्याच्या वरच्या साहेबांकडे गेलो. बरोबर मुलीच्या आईचे प्रतिज्ञापत्र, तिचा अंगठा, आणि माझा लेखी जबाब. साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी जबाब दोनदा वाचला.

“गुरुजी, तुम्ही असे लिहून देताय की तुम्हाला खरी तारीख माहीत होती आणि तुम्ही जाणूनबुजून दुसरी लिहिलीत?”

“हो, साहेब.”

“आणि तारखा आधीच भरून ठेवल्या होत्या?”

“हो.”

“मग त्या पानावरच्या बाकीच्या?”

“सगळ्या एक जून. त्यातल्या एकीचीच खरी तारीख मला माहीत आहे.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “माझीही एक जूनच आहे,” ते म्हणाले. “माझ्या आईला विचारले तर ती म्हणते, नांगरणी चालली होती.” मग त्यांनी हुकूम लिहिला. हुकुमाबरोबर माझ्या सेवापुस्तकात ताकीद आली आणि कायम मुख्याध्यापकाची जागा त्या वर्षी दुसऱ्या गुरुजींना मिळाली. त्यात अन्याय काही नव्हता. साहेबांनी त्यांचे काम केले.

रजिस्टर उघडून मी लाल शाईने १-६-१९५० वर रेघ मारली. वर लिहिले, २६-१-१९५०. सव्वीस जानेवारी एकोणीसशे पन्नास. बाजूला हुकुमाचा क्रमांक आणि माझी सही. लाल शाईचा एक थेंब खालच्या ओळीवर पडला. तो तसाच आहे. पुढच्या तपासणीला दिपोटी साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारले, हे काय? मी सांगितले, बारा वर्षे उशिरा केलेले काम.

दुरुस्त दाखला मी स्वतः पाड्यावर नेऊन दिला. मुलीने तो वाचला, आईला वाचून दाखवला, आणि आईने तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. “आते बराबर शे,” ती म्हणाली. वाचता येत नसूनही ती हे इतक्या खात्रीने म्हणाली की मला हसू आले. मार्च संपायच्या आत धुळ्याहून बोलावणे आले. मामाने कटकट केली आणि मग तोच तिला बैलगाडीतून स्टेशनावर सोडायला आला. गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. खिडकीतून मुलीच्या हातात भाकरीची फडकी देत म्हणाली, गाठ सोडता येईल अशीच बांधली आहे. हे ती कोकणीत म्हणाली की अहिराणीत, ते मला नीट आठवत नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाली हे नक्की.

त्या रात्री मी वहीतले सव्वीस जानेवारीचे पान काढले. ‘समारंभ उत्तम पार पडला’ हे वाक्य खोडले. त्याखाली काय झाले ते जसेच्या तसे लिहिले. ज्या मुलावर आळ आला होता तो आता सुरतेला गिरणीत असतो. त्यालाही पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले, दोन ओळींचे. त्याला ती गोष्टच आठवत नव्हती, आणि दिवाळीला ये असे आमंत्रण होते. मी गेलो.

बाकीची पस्तीस मुले अजूनही एक जूनलाच जन्मलेली आहेत. ती मोठी झाली, कुणी शेती करते, कुणी बाजारात दुकान टाकले. त्यातला एक जण भेटला की म्हणतो, गुरुजी, आम्हा सगळ्यांचा वाढदिवस एकदम येतो, जेवण कधी देता? मी त्यांना सांगितले आहे, तुमच्या आईला विचारा आणि मला येऊन सांगा, कागदावर नाही तरी वहीत लिहितो. सहा जण येऊन गेले. वहीतली ती पाने आता फक्त मोठ्या माणसांची राहिलेली नाहीत.

मुलगी शिकून आली आणि याच भागात नर्स म्हणून लागली. ती बाळंतपण करून परतताना प्रत्येक घरी एक चिठ्ठी देते. आधी मला हे ठाऊक नव्हते. यंदा जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाला बसलो होतो. आता मी तारखेचा रकाना मोकळा ठेवतो. लांबच्या एका पाड्यावरची बाई मुलाला घेऊन आली. मी विचारायच्या आत तिने पदराच्या गाठीतून चारदा घडी घातलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. कागद मळला होता, पण अक्षर ओळखीचे होते. मीच शिकवलेले. तारीख होती, साल होते, आणि खाली आईला लक्षात राहावे म्हणून एक ओळ. ‘बाजाराचा दिवस. सुरतेकडची सकाळची गाडी गेल्यावर.’

मी लेखणी शाईत बुडवली. तारीख आधी आकड्यांत लिहिली, मग अक्षरांत. मग त्या बाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, बरोबर. तेव्हा टीपकागद दाबला.